लोकशाही की साम्यवाद: वरच्याला हटवता येतं का, ते आधी बघ

रविवारी अभ्यासिकेतून निघता निघता तू विचारलंस, "काका, समाज चालवायला लोकशाही बरी की साम्यवाद? पुस्तकात दोन रकान्यांत फरक दिलाय, तो माझा पाठ आहे. पण चीनमध्ये दहा दिवसांत हॉस्पिटल उभं राहतं आणि आपल्या चाळीच्या पुनर्विकासाची फाइल बारा वर्षं जागची हलत नाही. मग आपलंच चुकलं का? तुम्ही लाल बावटा जवळून पाहिलाय, म्हणून तुम्हाला विचारतो."

दारात उभं राहून देण्यासारखं हे उत्तर नव्हतं, म्हणून लिहून देतोय.

मी राज्यशास्त्राचा मास्तर नाही. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मी १९७९ मध्ये युनियनच्या कचेरीत वर्गणीच्या पावत्या फाडायला लागलो आणि पुढची ३४ वर्षं तिथेच गेली. गेट मीटिंग, चार्जशीटची उत्तरं, लेबर कोर्टातल्या तारखा, हेच माझं काम. मार्क्स संध्याकाळच्या अभ्यासवर्गात वाचला. माणूस वरचा हुकूम का मानतो, कधी नाकारतो आणि नाकारल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र गेटवर शिकलो. तेव्हा उत्तर त्या बाजूने येईल.

आधी ते दोन रकाने. त्यांत असं मांडलेलं असतं की एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरं आहेत, त्यातलं एक निवडा. तसं नाही रे. साम्यवाद मुळात मालकीबद्दल बोलतो. जमीन कुणाची, गिरणी कुणाची, तिथल्या घामातून आलेला पैसा कुणाच्या घरी जातो. लोकशाही कारभाराबद्दल बोलते. हुकूम कोण देतो, तो कुणाला जाब देतो आणि नकोसा झाला तर त्याला घरी कसं पाठवायचं. सोप्या भाषेत, खोली कुणाच्या नावावर हा पहिला प्रश्न आणि सोसायटीचा सेक्रेटरी कोण हा दुसरा.

कागदावर ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. खुद्द मार्क्सला ती नांदावीत असंच वाटत होतं. १८७१ मध्ये पॅरिसच्या कामगारांनी जेमतेम ७२ दिवस शहर चालवलं, त्या कम्यूनचं त्याने तोंडभरून कौतुक केलं. त्यात त्याला विशेष भावलं ते हे की प्रतिनिधी लोकांनी निवडलेले होते, त्यांना मुदतीआधी परत बोलावता येत होतं आणि त्यांचा पगार कामगाराच्या मजुरीइतकाच होता. पुढे रशियात नोव्हेंबर १९१७ मध्ये, क्रांतीनंतर लगेच, संविधान सभेची निवडणूक झाली. लेनिनच्या बोल्शेविक पक्षाला साधारण पाव मतं पडली, जास्त मतं दुसऱ्या समाजवादी पक्षाला गेली. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एकदाच बसली आणि लेनिनच्या सरकारने ती बरखास्त केली. माझ्या मते सगळं तिथे बिनसलं. मालकीचा प्रश्न सोडवायचा म्हणून हटवण्याचा हक्क बाजूला ठेवला, आणि तो बाजूलाच राहिला. नंतर जिथे जिथे साम्यवादी पक्षाने बंदुकीच्या बळावर सत्ता घेतली, तिथे तिथे हेच झालं. तेव्हा तू ज्याला साम्यवाद म्हणतोयस ती एका पक्षाची राजवट आहे, आणि तिची तुलना तू नियमित निवडणुका होणाऱ्या राज्याशी करतोयस. हे नाव बरोबर लावून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आता लाल बावटा. तो आपल्या भागात पुस्तकातून आला नाही. १९२८ मध्ये दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. मजुरीत कपात आणि एका माणसाला जास्त साचे, याविरुद्ध. गिरणी कामगार युनियन त्या संपातच उभी राहिली. वडिलांनी तो संप पाहिला नव्हता, पण त्यांच्या गाळ्यात राहणारी जुनी माणसं त्याबद्दल देवळातल्या उत्सवासारखं बोलायची. जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, लाच घेतल्याशिवाय बदली कामगाराला आत घेत नव्हता. बाळंतपणाला रजा मागितली तर बाईचं काम जायचं. अशा जागी कुणीतरी येऊन सांगतो की हे नशीब नाही, हा हिशेब आहे आणि तो तपासता येतो. त्याच्या मागे माणूस जाणारच.

मुंबईच्या उंबरठ्यावर, डहाणू-तलासरीत १९४५ मध्ये काय चाललं होतं ते बघ. वारली माणसाने लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघांनी ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा जन्मभर, त्याच्याकडे राबायचं. याला लग्नगडी म्हणत. वेठ तर वेगळीच. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी लाल बावट्याच्या किसान सभेतून ती वेठ मोडून काढली. इंग्रजांच्या कायद्याने ती मोडली नाही, आणि तेव्हाच्या काँग्रेसवाल्यांपैकीही फार थोडे तिथवर पोहोचले होते. साम्यवाद्यांनी जो प्रश्न विचारला तो खरा होता आणि आजही खरा आहे, हे मी मनापासून मानतो. ज्याच्या पोटाची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला मताचा कागद दिला म्हणून तो मोकळा होत नाही.

चीनच्या बाबतीतही हातचं राखून बोलायचं नाही. १९४९ मध्ये दोन्ही देश जवळपास सारखेच गरीब होते. बाजार खुला व्हायच्या आधीच, १९८० च्या सुमारास, साक्षरता, बालमृत्यू आणि सरासरी आयुर्मान या तिन्हींत चीन आपल्या बराच पुढे होता. गावोगाव जुजबी शिकलेले आरोग्यसेवक पाठवून त्यांनी जे साधलं, ते आपल्याला मतपेटीने साधून दिलं नाही. आपल्याकडची तान्ही पोरं दरवर्षी गुपचूप मरत राहिली, आणि गुपचूप मरणाऱ्यावर निवडणूक होत नाही. हे लोकशाहीच्या बाजूच्या माणसाने स्वतःहून कबूल केलं पाहिजे.

तुझा खरा मुद्दा वेगाचा आहे. काम झटपट होतं, हे बरोबर. पण चूकही तितकीच झटपट होते, आणि मग ती निस्तरायला किती वर्षं लागतात ते मोजायला हवं. याचं एक उदाहरण असं आहे की त्यात दोन्ही देशांनी एकच चूक केली, त्यामुळे तुलना स्वच्छ करता येते.

आपल्याकडे १९७५ मध्ये आणीबाणी आली. लोकसंख्या कमी करायची म्हणून नसबंदीची टार्गेटं ठरली. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. मास्तरांचा, तलाठ्यांचा पगार अडवून त्यांना "केस आणा" म्हणून पिटाळत होते. आणि हे फक्त उत्तरेतलं नाही. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. पुरोगामी म्हणवणारं आपलं राज्य, आणि असं विधेयक मंजूर करणारं देशातलं एकटं! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि ज्यांच्या अंगावर हात पडला होता त्यांनी सरकारच उलथून टाकलं. त्यानंतर आजवर कुठल्याही पक्षाच्या सरकारला सक्तीच्या नसबंदीचं नाव काढायची हिंमत झालेली नाही. चूक दोन वर्षांच्या आत थांबली, आणि थांबवणारी माणसं बहुतेक अंगठेबहाद्दर होती.

चीनने १९८० मध्ये देशभर एका जोडप्याला एकच मूल हे धोरण लावलं. १९८३ या एका वर्षात तिथे सुमारे २ कोटी नसबंद्या झाल्या. दिवस भरत आलेल्या बायकांना पकडून नेऊन गर्भपात केले गेले. मुलगाच हवा म्हणून मुली गर्भातच खुडल्या गेल्या. धोरण बदलल्याची घोषणा झाली २०१५ मध्ये. ३५ वर्षं! त्या ३५ वर्षांत गावातल्या एकाही बाईला ते ठरवणाऱ्या माणसाला घरी बसवता आलं नाही. आता तेच सरकार तीन मुलं होऊ द्या म्हणतंय आणि पाळणे रिकामे आहेत.

म्हणून मी नेहमी सांगतो, इमारत किती दिवसांत उभी राहिली ते बघ, पण चुकीची इमारत पाडायचा हुकूम देता येईल असा माणूस खाली कुणी आहे का, तेही बघ.

याच्याच पोटात दुसरी गोष्ट आहे. वाईट बातमी वर पोहोचते का? १९५८ मध्ये चीनचा नेता माओ याने मोठी झेप घ्यायची ठरवली. शेतं कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीत, गेली, लोखंड गाळायला माणसं शेतातून काढली. खालच्या अधिकाऱ्यांनी साहेबाला खूश करायला पिकाचे आकडे फुगवले, आणि त्या फुगवलेल्या आकड्यांवर सरकारने धान्याची वसुली केली. शेतकऱ्याच्या कणगीत काहीच उरलं नाही. जुलै १९५९ मध्ये संरक्षणमंत्री फंग तहुआय यांनी माओला खासगी पत्र लिहून जपून, आदराने सांगितलं की आपलं चुकतंय. जुना साथी, युद्धातला सेनापती. त्यांना पदावरून काढलं आणि पक्षविरोधी ठरवलं. संरक्षणमंत्र्याची ही गत झाल्यावर जिल्ह्यातला कारकून खरा आकडा कशाला लिहील? त्या दुष्काळात १९६१ पर्यंत किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. त्याच काळात धान्य परदेशी विकलंही जात होतं.

आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळ तुझ्या आजीला विचार. ती लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर वाटला जाणारा कोरडा खाऊ) सांगेल. आमच्या गावाकडून, माणदेशातून, भावकीतली माणसं त्या वर्षी गिरणगावात येऊन खोलीत दाटीवाटीने झोपायची. सलग तीन वर्षं पाऊस नव्हता, जनावरं मिळेल त्या भावाने गेली. हाल कमी नव्हते. पण लाखांनी माणसं मेली नाहीत. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. सरकारला हे सुचलं की सुचवलं गेलं? रोज वर्तमानपत्रांत फोटो येत होते, विधानसभेत विरोधक कामकाज चालू देत नव्हते, तालुक्याच्या कचेऱ्यांना घेराव पडत होते. इथे मुंबईत बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन मंत्रालयावर जात होत्या. त्या महागाईविरोधी समितीत समाजवादी मृणाल गोरे होत्या आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर होत्या.

त्यातून रोजगार हमी योजना पक्की झाली, १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देणारा देशातला पहिला कायदा. त्याचा पैसा कुठून आला ठाऊक आहे? तुझ्या बाबांच्या पगाराच्या चिठ्ठीत दर महिन्याला प्रोफेशनल टॅक्स कापलेला दिसतो ना, तो व्यवसाय कर १९७५ मध्ये या योजनेसाठीच बसवला गेला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून माणदेशातल्या खडी फोडणाऱ्याची मजुरी. ही मागणी मुळात डाव्यांच्या तोंडची आहे, आणि ती फळाला आली ती निवडणुकीची भीती असलेल्या सरकारकडून. या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच ते झालं. डाव्यांच्या हाती एकहाती सत्ता असती तर त्या लाटणं मोर्चाला परवानगी मिळाली असती का? मला नाही वाटत. आणि डावे नसतेच, तर मोर्चात मागायचं काय हे कुणी शिकवलं असतं?

आता उलट बाजू, कारण मला तुला लोकशाहीची आरती म्हणून दाखवायची नाही. ज्या गोष्टीने माझं अर्धं आयुष्य खाल्लं ती सांगतो.

ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात संप झाला. निवृत्तीला पाच महिने उरलेल्या एका क्रेन चालवणाऱ्या बाईला कामावरून काढलं म्हणून. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशात, लेनिनच्या नावाच्या कारखान्यात कामगारांनी २१ मागण्या लिहिल्या. पहिलीच मागणी कुठली, तर पक्षाच्या आणि सरकारच्या ताब्यात नसलेली युनियन. कारण तिथे सरकारमान्य युनियन एकच आणि ती कामगाराचं म्हणणं वर नेण्याऐवजी वरचा हुकूम खाली आणायची. त्या संपातून उभ्या राहिलेल्या 'सॉलिडॅरिटी' या युनियनमध्ये बघता बघता कोटभर माणसं आली. १३ डिसेंबर १९८१ ला तिथे लष्करी कायदा लागला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरणगावातले भोंगे वाजले आणि कुणी आत गेलं नाही. अडीच लाख कामगार. मी २७ वर्षांचा होतो. पगार आणि बोनस या मागण्या होत्याच, पण गेटवर तासन्‌तास ज्यावर बोलणं व्हायचं ती मागणी वेगळीच होती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ चा. त्याप्रमाणे गिरणी धंद्यात प्रातिनिधिक युनियन एकच, आणि मालकाशी करार फक्त तिने करायचा. ती ठरायची वर्गणीच्या सभासदांच्या मोजणीवर, त्यात २५ टक्के पुरेसे. गुप्त मतदान नाही. म्हणजे कामगार दुसऱ्या युनियनच्या मागे लोटला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याच्या वतीने सही दुसरंच कुणी करणार. "काढा हा काळा कायदा" ही घोषणा माझ्या कानात अजून आहे.

लोकसभेला मत देणारा कामगार स्वतःच्या गिरणीत कुणी आपल्यासाठी बोलायचं हे मताने ठरवू शकत नव्हता. १९८४ मध्ये, सगळ्या देशात काँग्रेसची लाट असताना, याच कामगारांनी संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांना दक्षिण मध्य मुंबईतून निवडून दिल्लीला पाठवलं. दिल्लीला पाठवता आलं, पण करारावर सही करायला गिरणीच्या ऑफिसात बसवता आलं नाही! तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. माणसं गावी गेली, भाजीच्या गाड्या लागल्या, बायका पोळ्या लाटायला, खानावळी चालवायला लागल्या. आमच्या मजल्यावरच्या १६ खोल्यांपैकी ११ खोल्यांत गिरणीचा पगार यायचा. तीन वर्षांनी तो दोन खोल्यांत उरला होता. गिरण्यांच्या जागेचं काय झालं ते तुला खिडकीतून दिसतंच.

पोलंडमध्ये साम्यवादाच्या नावाने जे नाकारलं, तेच इथे लोकशाहीच्या छत्राखाली नाकारलं गेलं. कामगाराला जिथे तो रोज आठ तास उभा असतो, तिथेच मत नाही. तरीही एक फरक होता आणि तो मी विसरत नाही. आमच्या मोर्चांवर लाठ्या पडल्या, माणसं तुरुंगात गेली, पण 'संप का मोडला' यावर मी दुसऱ्या दिवशी पत्रक छापू शकत होतो आणि छापलं. पोलिश कामगाराला त्यासाठी तळघरात चोरून छपाई करावी लागत होती. जून १९८९ मध्ये पहिल्यांदा थोडी खुली निवडणूक मिळाली, तेव्हा त्याने राजवट बदलून टाकली. एवढी घाई झाली होती त्याला.

माझ्या स्वतःच्या युनियनमधलंही सांगतो, नाव लिहीत नाही. एका कारखान्याच्या आमच्या कमिटीत एक सरचिटणीस कितीतरी वर्षं होते. कष्टाळू माणूस, पैशाला स्वच्छ. दरवर्षी सर्वसाधारण सभेत निवडणूक हात वर करून व्हायची. "विरोधात कोण?" म्हटलं की तीन हात वर व्हायचे आणि साहेब व्यासपीठावरून त्या तीन चेहऱ्यांकडे बघायचे. फक्त बघायचे. पण पुढच्या वर्षभरात त्या तिघांच्या केसची तारीख नेमकी विसरली जायची, कर्जाचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जायचा. मी कचेरीत होतो, मला हे दिसत होतं, आणि माझा हात दरवर्षी बहुमताबरोबर वर जात होता. त्याची मला आजही लाज वाटते.

मग कॅन्टीन आणि पॅकिंग खात्यातल्या पोरांनी हट्ट धरला, चिठ्ठीने मतदान घ्या. खूप वादावादी झाली. "आपण एका घरातली माणसं, लपवायचं काय?" असंही बोललं गेलं. शेवटी बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आणला, झाकणाला छिन्नीने फट पाडली, कडा बोटाला लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. माणसं तीच, उमेदवार तेच, मधे फक्त वर्ष गेलेलं. चिठ्ठ्या उलगडल्या तेव्हा विरोधातला गठ्ठा जवळजवळ निम्मा भरला. साहेब हरले नाहीत, थोडक्यात निवडून आले. पण दुसऱ्या आठवड्यापासून ते रात्रपाळीच्या गेटवर दिसायला लागले, जिथे ते बरीच वर्षं फिरकले नव्हते. त्या तिघांपैकी एकाची तारीख त्यांनी स्वतः येऊन मला विचारली. त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्याही अभ्यासवर्गात कळलं नव्हतं. हटवलं जाईल ही शक्यता डोक्यावर असली तरी माणूस बदलतो.

सोव्हिएत देशातही निवडणुका व्हायच्या बरं का. उमेदवार एकच, मतं ९९ टक्के. आमच्या हात वर करण्याचंच ते मोठं रूप.

आपल्या राज्यघटनेवाल्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट बजावलं होतं की राजकारणात एक माणूस एक मत असेल आणि समाजात, अर्थकारणात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना विषमता सोसावी लागते तेच हा डोलारा उडवून देतील. आणि शेवटच्या दिवसांत, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी मार्क्सचं ध्येय मान्य केलं आणि हिंसा व हुकूमशाही हा मार्ग नाकारला. तुला परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहायचं असेल तर या दोन भाषणांपासून सुरुवात कर.

केरळमध्ये १९५७ मध्ये लोकांनी मतदानाने कम्युनिस्ट सरकार आणलं. नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले, जमिनीचा आणि शिक्षणाचा कायदा हाती घेतला. जुलै १९५९ मध्ये केंद्राने ते बरखास्त केलं. म्हणजे त्या वेळी नियम साम्यवाद्यांनी पाळला आणि लोकशाहीवाल्यांनी मोडला, हे लक्षात ठेव. बंगालमध्ये डावे १९७७ पासून ३४ वर्षं मतांवर राहिले, २०११ मध्ये हरले आणि खुर्ची सोडून उठले. सत्तेवरून उठता येतं, हे त्यांना इथल्या व्यवस्थेने शिकवलं. आणि निवडून आलेलं सरकार सहजासहजी बरखास्त करता येऊ नये, हे केंद्राला सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने शिकवलं. दोघंही इथेच शिकले.

११ मार्च २०१८ च्या संध्याकाळी मी सोमय्या मैदानावर गेलो होतो. नाशिकहून १८० किलोमीटर चालत आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा तिथे उतरला होता. बहुतेक आदिवासी, सगळीकडे लाल टोप्या. आमच्या चाळीतल्या पोरांनी पाण्याच्या बाटल्या आणि चपला गोळा केल्या होत्या. एक साठीची बाई पाय पसरून बसली होती. तळव्याची कातडी सुटून आली होती, त्यावर तिने पदराची चिंधी बांधलेली. मी विचारलं, मावशी, काय पाहिजे सरकारकडून? म्हणाली, "कागद. माझा बाप कसायचा ती जागा. कागद नाय." वनहक्क कायदा २००६ चा, आणि २०१८ मध्ये तिला कागद नाही. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, मुलांना त्रास नको म्हणून ही माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि रातोरात आझाद मैदानाकडे चालत गेली. दुसऱ्या दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं. ते पुरतं पाळलं गेलं नाही, म्हणून २०२३ मध्ये पुन्हा निघावं लागलं.

त्या मैदानावर मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर एकत्र दिसलं होतं. मागणी लाल बावट्याची, जमीन कसणाऱ्याची. आणि ती घेऊन चालत राजधानीत येण्याची मोकळीक लोकशाहीची. एक काढून घेतलं तर दुसरं त्या बाईच्या काही कामाचं नाही.

आणि मग तुझी फाइल. ती का हलत नाही ते सरसकट "लोकशाही संथ असते" असं म्हणून सोडू नकोस. नीट बघ, ती कुठे अडली आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार बघत होते. वॉर्डातलं गटार तुंबलं तर कुणाची कॉलर धरायची हे लोकांना कळत नव्हतं. आणि चाळीत? पुनर्विकास समितीची निवडणूक शेवटची कधी झाली? बिल्डरने केलेल्या कराराची प्रत किती भाडेकरूंनी वाचली आहे? संमतीपत्रावर सह्या घ्यायला समितीची माणसं बिल्डरच्या माणसाला सोबत घेऊन घरोघर आली होती, हे मी पाहिलं आहे. तिथे कुणाची बिशाद आहे नाही म्हणायची? फाइल अडली आहे ती लोकशाही जास्त झाली म्हणून नव्हे. मजल्यावर ती उतरलीच नाही म्हणून.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. तुम्ही पोरांनी तीन गोष्टी लेखी मागा. कराराची प्रत प्रत्येक खोलीला, समितीची मुदत ठरलेली, आणि निवड चिठ्ठीने. सूचना सभेच्या आधी द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख घालून घ्या. विरोध होईल, "आपण एका घरातली माणसं" हे वाक्य नक्की ऐकू येईल, तेव्हा गडबडू नका. तो पत्र्याचा डबा माझ्याकडे माळ्यावर अजून आहे. झाकणाची चिकटपट्टी सुटली असेल, ती नवी लावून घे.